टीव्हीवरचा फोन कोणाचा?

१

अंगठ्या बोटांत जाऊन पेढ्याचं ताट अजून पहिल्या रांगेतच फिरत होतं, तोच आर्वीच्या महादेवरावांच्या दिवाणखान्यातल्या नव्या टीव्हीनं त्यांच्या मुलीची अब्रू चारचौघांत काढली.

टीव्ही या साखरपुड्यासाठीच आणला होता. फोनमध्ये जे दिसतं ते जसंच्या तसं त्याच्यावर दिसायचं, मधे तार नाही की काही नाही. मयुरीचे लहानपणापासूनचे फोटो पाहुण्यांना दाखवायचे, असं घरात ठरलं होतं. मयुरी स्वतः पाटावर, म्हणून तिचा फोन तिच्या वहिनीच्या, रक्षाच्या हातात होता आणि रक्षा बोटानं एकेक फोटो पुढे सरकवत होती. दोन वेण्यांची मयुरी आली. पदवीच्या काळ्या झग्यातली मयुरी आली. मग फोटो नाहीसा झाला आणि त्या जागी व्हॉट्सॲपवरचं बोलणं उघडलं. वर नाव होतं माधवी, म्हणजे मयुरीची जिवाभावाची मैत्रीण. आणि उजव्या बाजूला, ज्याचा फोन त्याचं लिहिणं जिथे असतं तिथे, हिरव्या चौकटींत मजकूर होता:

"लग्न होऊ दे, मग त्या म्हातारीला वृद्धाश्रमात टाकते की नाही बघ."

"वेडी आहे ती. मेलेल्या नवऱ्याच्या नंबरवर फोन लावून एकटीच बोलत बसते."

मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं.

मुलाची आई मंदाबाई टीव्हीच्या अगदी समोर बसली होती. तिला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. भर सभेत कोणी लुगड्याला हात घालावा तसा तिचा चेहरा झाला. पदर डोक्यावर ओढून ती उठली आणि एवढंच म्हणाली, "चाला."

नवरा मुलगा ऋतिक पुण्यात नोकरीला होता. त्यानं बोटातली अंगठी काढून ताटात ठेवली. "माझ्याबद्दल लिहिलं असतंस तर मी हसून सोडलं असतं, मयुरी. पण आईबद्दल?"

लोकांच्या माना हलल्या. पोरगा असावा तर असा!

"हे मी नाई लिहिलं!" मयुरी किंचाळली. "मी कधीच नाई लिहिलं!"

तोवर टीव्ही कोरा झाला होता. तिचा फोन या हातातून त्या हातात फिरला. असलं काही त्यात सापडलं नाही. "पुसून टाकलं असन," एकजण म्हणाला. माधवीनं रडत आपला फोन पुढे केला, त्यातही काही नव्हतं. "मैत्रीणच थे. तिनंबी पुसलं." मुलाकडची तळेगावची मंडळी गाड्यांत बसून निघूनही गेली. बुंदीच्या टोपल्या भरल्या तशाच राहिल्या.

महादेवरावांची धाकटी बहीण कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. वर्ध्याच्या पोलीस खात्यात जन्म घालवून ती आता निवृत्त झाली होती. मयुरीची आई गेल्यावर या पोरीला तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढला नाही. तिचा राग असाच होता. जितका जास्त, तितका थंड.

"या टीव्हीले अन् या फोनले कोणी हात लावू नका," ती म्हणाली. "पोरीनं नाई लिहिलं म्हणते, म्हणजे कोणीतरी लिहिलं. थो माणूस आज इथं पेढा खाऊन गेला."

२

सकाळी कोकिळाआत्यानं पहिलं गाठलं ते रक्षाला. घरातल्यांचा संशय तिच्यावरच होता. नणंद-भावजयीचं फारसं पटत नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. आणि फोन तर तिच्याच हातात होता.

"माह्यावर डोळे नका काढू, आत्याबाई," रक्षा तणतणली. "काल रातपासून नवरा माह्याशी बोलून नाई राह्यला. मी काऊन करीन असं? तिचं लग्न झालं असतं तं मलेच मोकळं वाटलं असतं!"

"थे ठेव बाजूले. टीव्हीवर थे आलं तवा तुह्या हातातल्या फोनवर काय होतं?"

रक्षानं इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमीबी हसान. कालपासून सगळ्याईले सांगून राह्यली, कोणी ऐकत नाई. माह्या हातात फोटोच होता. मयुरीचा झग्यातला फोटो. टीव्हीवर भलतंच, अन् हातात फोटो."

आत्या हसली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली. "अजून एक डाव सांग."

रक्षानं पुन्हा तेच सांगितलं. खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट सुधारून सांगतो. रक्षानं एक शब्दही बदलला नाही. आणि तिला खोटंच बोलायचं असतं, तर 'चुकून बोट लागलं' हे किती सोपं होतं! न पटणारी गोष्ट कोणी मुद्दाम कशाला रचेल?

आत्यानं मयुरीचा फोन उघडून माधवीशी झालेलं खरं बोलणं वाचलं. 'कुठी हायस?' 'येऊन राह्यली का?' 'मले नाई जमत बाप्पा.' या दोघी जशा बोलत तशाच लिहीत. 'टाकते की नाही बघ' असली पुस्तकी मराठी त्यात औषधालाही सापडली नाही. मयुरीनं लिहिलं असतं तर 'म्हातारीले टाकतो' लिहिलं असतं; इकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'करतो', 'टाकतो'च म्हणतात.

"आत्या," मयुरी दारातून म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आता त्यात पाणी नव्हतं. "मी ज्या मेडिकलमध्ये काम करतो ना, त्या मालकाचा फोन आलता. म्हणे, काही दिवस नको येऊ. कोणीतरी व्हिडिओ काढला होता टीव्हीचा. अख्ख्या आर्वीत फिरून राह्यला."

आत्याचे ओठ आवळले गेले. "कोणं काढला?"

"निकेशनं."

३

निकेश शेजारच्या घरातला. टीव्ही भिंतीवर चढवून सगळं जोडून दिलं ते त्यानंच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईनं त्याच्यासाठी मयुरीला मागणी घातली होती आणि महादेवरावांनी नकार कळवला होता. आत्याला पाहताच तो खुर्चीवरून उठला.

"आत्या, मी फक्त माह्या मावशीले पाठवला होता व्हिडिओ. तिनं पुढं सोडला."

"आगपेटी तुहीच ना रे? मग वणवा कोणाचा?" आत्या थंडपणे म्हणाली. निकेशची मान खाली गेली. "माफी नंतर मागजो. तिच्यापुढं मागजो. आता टीव्हीपाशी चाल."

दिवाणखान्यात आत्यानं रक्षाला मयुरीचा फोन टीव्हीला जोडायला लावला. फोटो आले. मग निकेशला म्हणाली, "आता तुहा जोड."

निकेशनं दोन ठिकाणी बोट टेकवलं. टीव्हीवरचा मयुरीचा फोटो गेला आणि निकेशच्या फोनचा पडदा आला. रक्षाच्या हातात मात्र फोटो तसाच होता.

"पाहा! पाहा आत्याबाई!" रक्षा ओरडली. "अस्संच झालतं!"

महादेवराव कोपऱ्यात मान टाकून बसले होते. त्यांनी कालपासून पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणजे टीव्हीवर दिसलेला फोन मयुरीचा नव्हताच! दुसऱ्याच कोणाचा तरी फोन मधे घुसला होता.

"तुहाच असन," रक्षा निकेशवर उसळली. "न सांगता जोडला गेला, पाह्यलं ना आम्ही!"

निकेशचा चेहरा पांढरा पडला. आत्यानं त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"याचा नाई," ती म्हणाली. "हा आधीपासून त्याच फोननं व्हिडिओ काढत होता. याचा फोन टीव्हीले जोडला असता तं टीव्हीवर व्हिडिओच दिसला असता, व्हॉट्सॲप नाई. एक फोन दोन कामं करते, पण दोन तोंडं दाखवत नाई."

निकेशनं आपला फोन टीव्हीपासून तोडला.

"आता माहा जोड," आत्यानं आपला फोन त्याच्या हातात दिला.

या वेळी टीव्हीवर एक चौकट उघडली. नवा फोन जोडू पाहतो आहे, परवानगी द्यायची का? रिमोटवरचं बटण दाबल्याशिवाय टीव्ही पुढे हलेना.

"दादा," आत्यानं भावाला विचारलं, "काल रिमोट कोणापाशी होता?"

"माह्या सदऱ्याच्या खिशात. पाहुण्यांची पोट्टी चॅनल बदलत होती, म्हणून ठेवला होता."

"तू कोणतं बटण दाबलं?"

"मी कायले दाबू?"

आत्या टीव्हीवरच्या त्या चौकटीकडे बघत राहिली. परवानगी कोणी दिली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती. म्हणजे ज्याच्या फोननं हे केलं, त्या फोनला या टीव्हीनं आधीच घरात घेतलं होतं.

४

"टीव्ही आल्यापासून कोणाकोणाचे फोन जोडले याले?"

"मयुरीचा," रक्षा म्हणाली. "अन् निकेशचा. बस. आमचे दोघांचे नाई, आमाले जमतच नाई."

"नीट आठव."

"घरातलं कोणीच नाई, आत्याबाई."

तिथेच गाडी अडली. आत्यानं निकेशकडून तो व्हिडिओ घेतला आणि पुन्हा पुन्हा चालवला. पहिल्यांदा तिनं टीव्ही पाहिला. हिरव्या चौकटींच्या वर, दिवस दाखवणाऱ्या जागी इंग्रजीत 'यस्टरडे' लिहिलेलं होतं. मयुरीचा फोन मराठीत होता, त्यात 'काल' असं येत असे. चला, आणखी एक खूण. पण इंग्रजी फोन अर्ध्या आर्वीचा असतो.

मग तिनं टीव्ही पाहणं सोडलं आणि माणसं पाहायला लागली. टीव्ही बदलला त्या क्षणाला झाडून सगळ्या माना तिकडे वळल्या. पेढे वाटणारी बाई वळली, भटजी वळले, पाटावरची मयुरीही वळली. एकच मान वळली नाही. अजून कोणाचं वाचूनही झालं नसताना एक माणूस टीव्हीकडे न बघता सरळ मंदाबाईच्या तोंडाकडे बघत होता. बाण लागला की नाही, हे पाहावं तसा.

आत्यानं व्हिडिओ थांबवला. पण नजर म्हणजे पुरावा नाही, हे तिला ठाऊक होतं.

"दादा, घरातलं कोणी नाई म्हणता. अन् पाहुण्यांपैकी?"

"पाहुणे तं कालच आले."

"त्याच्या आधी?"

"आधी कोणी नाई." महादेवराव थबकले. "आपले होणारे जावई तेवढे आलते. शालू घ्यायच्या दिवशी. त्यांनी पुण्याच्या फ्लॅटचे फोटो याच टीव्हीवर दाखवले ना आमाले. मीच बटण दाबलं होतं. पण त्यायले काय पाहुणा म्हणतेस तू?"

मयुरी हळूहळू उभी राहिली. कालची अंगठी जिथे होती ते रिकामं बोट ती अंगठ्यानं घासत होती.

"माह्या बाजूले बसला होता थो," ती म्हणाली. "मांडीवर फोन घेऊन. मले वाटलं, मित्राईचे मेसेज पाहून राह्यला."

"आत्ताच काई बोलू नको," आत्या म्हणाली. "त्यानं 'मी नाई' म्हटलं तं आपल्या हातात काय हाय? शालूच्या दिवशी फोन जोडला, हा काई गुन्हा नाई."

"मीबी येतो तळेगावले."

"चाल."

५

तळेगावात दार उघडलं ते सपनानं. ती ऋतिकची मोठी भावजय. मयुरीला पाहून तिनं दार निम्मंच उघडं ठेवलं.

"सासूबाई कोणाशी बोलत नाई. जेवल्याबी नाई."

"तुमच्याशीच बोलायचं हाय," आत्या म्हणाली. "तुमच्या बहिणीचं ऋतिकसाठी पाहत होते म्हणते, खरं का?"

सपनाचा चेहरा लाल झाला. "हो, खरं हाय! मले वाटत होतं. मग काय झालं? म्हणून मी कोणाच्या पोरीचं वाटोळं करीन? काल तुमचं घर मी पहिल्यांदा पाह्यलं. अन् सासूबाई मामंजीच्या नंबरवर फोन लावते, हेबी मले तिथंच समजलं. या घरात राहून मले ठाऊक नव्हतं." तिनं दार पूर्ण उघडलं. "अन् लोकं हसले."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मनातून तिचं नाव खोडलं.

बैठकीत ऋतिक सोफ्यावर बसला होता. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागे मंदाबाई असल्याचं बांगड्यांवरून कळत होतं. मयुरी त्याच्या समोर बसली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता काय उरलंय? माझ्या मनात राग नाही. पण आईचं मन मोडलंय."

"तेच म्हणतो मी," आत्या अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आईचं असं खासगी दुःख. थे चारचौघांत यायलेच नको होतं. मले एक सांगा बापू, मयुरीले हे ठाऊक कसं झालं? तुम्हीच कधी सहज बोलले असान तिच्यापाशी. होणाऱ्या बायकोले माणूस सांगते."

ऋतिकनं मान ताठ केली. "मी? नाही. आईची अशी गोष्ट मी कोणाजवळ काढेन? तेवढी लाज आहे मला."

"मयुरीजवळबी नाई?"

"कधीच नाही."

"आठवून सांगा. फोनवर, बोलता बोलता?"

"शपथेवर सांगतो. मी आईबद्दल तिला एक शब्द बोललेलो नाही. तिनंच कुठून तरी काढलं असेल. वहिनीकडून..."

"माह्याकडून?" सपना दारातून गरजली.

आणि पडद्यामागच्या बांगड्या वाजल्या.

६

मंदाबाई बाहेर आली. तिनं मयुरीकडे पाहिलं नाही, आत्याकडेही नाही. मुलासमोर येऊन उभी राहिली.

"सपनाले ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याले, तुह्या भावाले, भूपेंद्रलेबी नाई. मी इथं कधी थो फोन लावलाच नाई. पुण्याले डोळ्याच्या ऑपरेशनले तुह्यापाशी राह्यली होती, तवा लावला. तू दारात उभा राहून ऐकलं होतं. मी म्हटलं, बाबू, कोणाले सांगू नको, लोकं हसतीन." तिनं श्वास घेतला. "तू एकट्यानं ऐकलं होतं, ऋतिक. अन् आता म्हणतेस, तू हिले सांगितलं नाई. मंग हिनं लिहिलं कसं?"

चांगला मुलगा दिसण्याच्या नादात ऋतिकनं आपल्याच हातानं आपल्या गळ्याचा दोर वळला होता.

आता आत्याचा आवाज चढला. मुरलेल्या रागानं ती एकेक गोष्ट त्याच्यापुढे आपटत गेली. रक्षाच्या हातातला न हललेला फोटो. अनोळखी फोनला अडवणारा टीव्ही आणि शालूच्या दिवशी त्याच्या फोनला मिळालेली परवानगी. इंग्रजीतला यस्टरडे. पुण्याची मराठी. "अन् सगळं जग टीव्ही पाहत होतं तवा तू तुह्या मायच्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. काय लिहिलं हाय, हे वाचायची तुले गरज नव्हती. दुसऱ्या एका नंबरले माधवीचं नाव अन् फोटो दिला, स्वतःच लिहिलं, अन् मयुरीच्या बाजूले बसून टीव्हीवर चढवलं. दे तुहा फोन. दाखव, मी खोटी असली तं."

ऋतिकनं फोन दिला नाही. उलट तो खिशात सरकवला, आणि तेच उत्तर पुरेसं होतं.

"पुण्यात एक मुलगी आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दोन वर्षं झाली. आपल्यातली नाही ती. तू ऐकलं नसतंस, आई. इकडे तू शब्द देऊन बसली होतीस. तुझ्याकडूनच मोडलं असतं तर कोणाला काही..."

"तू इचारलं होतं मले?" मंदाबाई म्हणाली. "एक डाव तरी इचारलं होतं?"

तो खिशातला फोन चाचपत राहिला.

"मले तुह्या बापाशी बोलावं वाटते, थे तू लोकांपुढं टांगलं. अन् या पोरीच्या तोंडात घातलं. 'नाई' एवढा एक शब्द बोलायची हिंमत नव्हती म्हणून."

"मयुरीचं दुसरीकडे सहज जमेल..." ऋतिक मयुरीकडे वळला. "तुला चांगलं स्थळ मिळेल. मी स्वतः सगळ्यांना सांगतो की गैरसमज झाला होता."

मयुरी उठली. आत्याला वाटलं, ही आता मारते. पण मयुरीनं हात उचलला नाही.

"गैरसमज?" ती म्हणाली. "माह्या बापानं कालपासून घास नाई घेतला. माही नोकरी गेली. गल्लीतली लेकरंबी माह्याकडे बोट दाखवून राह्यली. तुले ती मुलगी आवडते ना? मले सांगितलं असतं तं मीच लग्न मोडलं असतं, दोष माह्यावर घेऊन मोडलं असतं! गैरसमज नाई झाला. गुन्हा झाला. मी ठाण्यात तक्रार देऊन राह्यली. आजच."

"आई!" ऋतिक ओरडला. "माझी नोकरी जाईल! तिला सांग काहीतरी."

मंदाबाई पहिल्यांदा मयुरीकडे वळली. मंदाबाईनं हात जोडायला घेतले, ते मयुरीनं धरून खाली केले.

"पोरी, काल मी तुले एक शब्द इचारला नाई. उठून चालती झाली."

"तुम्हाले लागलं होतं, काकू."

"तुलेबी लागलं होतं." मंदाबाईनं पदर खोचला. "तक्रारीत साक्षीदार लागते ना? माहं नाव टाक. पुण्याचं मी सांगीन. माह्याशिवाय दुसऱ्या कोणाले सांगताच येत नाई थे."

आत्यानं खूप साक्षीदार पाहिले होते. मुलाविरुद्ध उभी राहते म्हणणारी आई ठाण्याच्या पायरीवरून परत फिरते, हेही पाहिलं होतं. म्हणून ती स्पष्टच बोलली. "मंदाबाई, पोटचा पोरगा हाय. आज रागात म्हणान. उद्या याच घरात त्याच्यासोबत राहायचं हाय तुम्हाले."

"घर माह्या नावानं हाय," मंदाबाई म्हणाली. "राहायचं का नाई, थे त्यानं मले इचारावं."

सपनानं न सांगता तिच्या चपला आणून समोर ठेवल्या आणि स्वतःच्याही पायात घातल्या. ऋतिक मागून हाका मारत राहिला. चौघी बाया आर्वीची गाडी धरायला फाट्याकडे चालायला लागल्या, सगळ्यांत पुढे मंदाबाई.